मापात शिवलेलं पुडिंग

पुडिंग जमलं तर शिंपी मास्तरांना त्यांचं स्वतःचंच घर मिळणार होतं. म्हणजे जे होतं तेच. वर आणखी काही नाही. खिडकीजवळचं शिलाई मशीन, ज्याचं पायडल फक्त त्यांच्याच पायाचं ऐकतं. भूक लागेल तेव्हा जेवायची मुभा. दुपारी रेडिओ लावून झोपून जावं आणि जाग आल्यावर तो चालूच सापडला तरी कुणाला उत्तर द्यायला लागू नये, हे सुख. शिवाय पलंगाची उजवी बाजू. बायको गेल्यापासून ती रिकामीच होती, पण तिच्यावर दुसऱ्या कुणी चादर झटकलेली मास्तरांना खपली नसती. माणूस धडपडतो तो बहुधा काही नवं मिळवायला. मास्तर धडपडणार होते ते आहे ते जाऊ नये म्हणून, आणि असल्या सौद्यात नफा कुठे आहे ते दुसऱ्याला पटवून देता येत नाही, हीच मोठी पंचाईत असते.

जमलं नाही तर लेकीच्या घरची मागची खोली तयार होती. हवेशीर, उजेडाची, आणि वॉर्डासारखी स्वच्छ. वॉर्डासारखी असणारच, कारण लेक एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य नर्स होती आणि घर व वॉर्ड यांत ती फारसा भेद करत नसे.

हे सगळं निघालं एका इस्त्रीवरून.

"बाबा, ही इस्त्री," लेक एका रविवारी म्हणाली.

"काय झालं इस्त्रीला?"

"इस्त्रीला काही नाही झालं. टेबलाला झालंय. आरपार."

"ते भोक जुनं आहे."

"मागच्या रविवारी नव्हतं."

"मग मागच्या रविवारनंतर जुनं झालं असेल."

जावई सोफ्यावर बसून चहा पीत होता. तो विमा कंपनीत होता. कुठे गोदाम जळलं, कुठे दुकानाला आग लागली की जाऊन राख बघायची आणि किती नुकसान झालं ते ठरवायचं, असं त्याचं काम. त्याने कप खाली ठेवला.

"बाबा, माझा वीस वर्षांचा अनुभव सांगतो. निम्मी घरं इस्त्रीमुळे जळतात. आणि उरलेली निम्मी, 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्यांमुळे."

"काही होत नाही हो," मास्तर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

जावई या बाबतीत लेकीपेक्षाही दोन पावलं पुढे होता. सासऱ्याने आपल्याकडे राहायला यावं म्हणून जीव टाकणारा जावई मास्तरांनी आजवर ऐकलेला नव्हता. 'बाबांना एकटं ठेवणं माझ्या मनाला पटत नाही' असं तो इतक्या वेळा म्हणे, की खुद्द बाबांना आपल्या एकटेपणाची काळजी वाटू लागे.

त्या दिवशी मात्र मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "यंदा नाताळचं पुडिंग मी करतो."

लेकीने इस्त्रीची वायर गुंडाळायची थांबवली. पुडिंग तिच्या आईचं. आई गेल्यापासून त्या घरात पुडिंग झालं नव्हतं आणि नाताळच्या जेवणाला शेवटी सगळे नुसतेच एकमेकांकडे बघत बसत.

"ते दिवसभर उकळायला लागतं, बाबा. आई सकाळपासून पातेल्यापाशी असायची."

"मग मीही असेन. एकटा. दिवसभर गॅस चालू, घर शाबूत, आणि पुडिंग खाण्याजोगं. हे सगळं जमलं तर त्या मागच्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मशीन उचलायला माणसं तूच बोलाव."

"एकट्याने म्हणजे एकट्याने हं. समोरच्या बाईंनी हातसुद्धा लावायचा नाही."

"बाईंना चहा करताना दूध उतू घालवण्यापलीकडे काही येत नाही," मास्तर म्हणाले. समोरच्या दारातून खाकरल्याचा आवाज आला. समोरच्या बाई म्हणजे निवृत्त गाण्याच्या बाई. जन्मभर मुलांचे बेसूर गळे ऐकून त्यांचे कान इतके तयार झाले होते, की बंद दारातूनही त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येई.

सौदा ठरला. लेकीचीही बाजू होती, ती मांडली नाही तर अन्याय होईल. आई आजारी पडली तेव्हा ती दुसऱ्यांच्या आयांची नाडी बघत होती. आपल्या आईचं कळलं तेव्हा बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून तिने ठरवून टाकलं होतं, की आपल्या माणसाला इतकं डोळ्यांसमोर ठेवायचं, की त्याला साधी शिंक आली तर ती नाकातून बाहेर पडायच्या आत आपल्याला कळली पाहिजे. मास्तरांना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना तिच्यावर रागावता येत नव्हतं, आणि रागावता येत नाही अशा माणसाबरोबर राहणं फार अवघड.

नाताळ अजून काही आठवडे लांब होता, पण हे पुडिंग आधीच करून मुरत टांगावं लागतं. बायकोने कृती कुठे लिहून ठेवलेली नव्हती. मास्तरांना ती आली होती ती कानांनी. इतकी वर्षं ते बाहेरच्या खोलीत मशीन चालवत, आणि ती आत स्वतःशी बोलत पुडिंग करी. "मनुके झाले, बेदाणे झाले, आता साल." मग साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या सालीवर सुरी चाले. मग किसणीवर चरबी, या पुडिंगला तुपाच्या जागी लागते ती. मग पावाचा चुरा, पिठी, काळसर साखर, अंडी फोडल्याचा आवाज. जायफळ किसताना ती शिंकायची. मग बाटलीचं बूच निघायचं आणि बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही, कारण ब्रँडी पुडिंगला घालायच्या आधी ती बरी आहे ना, हे बघणं तिला आवश्यक वाटे.

मास्तरांनी सगळं त्याच क्रमाने केलं. ब्रँडी बरी आहे ना, तेही बघितलं. मिश्रण घरातल्या प्रत्येकाने एकदा ढवळायचं अशी रीत होती. त्यांनी एकदा ढवळलं, आजूबाजूला बघितलं, आणि मग आणखी एकदा ढवळलं.

इथवर कुठे काही चुकलं नव्हतं. घोटाळा झाला तो कापडापाशी.

पुडिंगचा गोळा कापडात बांधून उकळत्या पाण्यात सोडतात. बायको धुतलेल्या मलमलीच्या चौकोनात गोळा ठेवी, चारी टोकं वर घेई आणि दोरीने गाठ मारी. मास्तरांना ते दर वर्षी खुपत असे. दोरी म्हणजे आळशी माणसाचं बटण, असं त्यांचं मत होतं. शिंप्याच्या घरात गाठोडं? आता सगळंच त्यांच्या हातात आलं होतं. त्यांनी टेप काढली, गोळ्याचं माप घेतलं, छातीचं आणि कमरेचं. पँटच्या खिशांना वापरतात ते जाड सुती कापड कापलं. चार पाकळ्या शिवून एक गोल पिशवी केली, तिला दुहेरी शिलाई घातली. वरच्या तोंडाला पट्टी लावून काज केलं आणि बटण लावलं. गोळा आत घातला, बटण बंद केलं. कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. कोटाचा खांदा बसावा तसा कपडा बसला होता.

"मी हात लावत नाहीये," गाण्याच्या बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या. "मी फक्त बघतेय."

"बघा."

"मी मदत करत नाहीये. एक सहज सांगते. काही घरांत आत थोडी जागा सोडतात म्हणे."

"जागा? कशाला?"

"पीठ फुगतं. पावाचा चुरा पाणी पितो. तो फुगला की जाणार कुठे?"

"बाई, जन्मभरात माझ्या हातून एक कपडा ढगळ गेलेला नाही," मास्तर म्हणाले. आणि ते खरंच होतं. बाकीचे शिंपी शिवणीच्या आत चार बोटं जादा कापड, म्हणजे माया, सोडत, मास्तर दोनच बोटं सोडत. "गिऱ्हाईक जाड झालं तर?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "मग तो त्याचा दोष. मी आहे त्या माणसाचं शिवतो, होणाऱ्या माणसाचं नाही." त्यांनी शिवलेल्या लग्नाच्या कोटात जावई दिवसभर उभाच राहिला होता, आणि फोटोत तो फार रुबाबदार दिसतो, असं सगळे म्हणत.

पुडिंग पातेल्यात गेलं. पाणी रटरटू लागलं. पहिला फोन आला.

फोन होता बाहेरच्या खोलीत, पातेलं स्वयंपाकघरात. लेक वॉर्डातून बोलत होती.

"बाबा, पाणी किती आहे?"

"बघून येतो." मास्तर गेले, बघितलं, परत आले. "निम्म्याच्या वर."

"निम्म्याच्या किती वर?"

"बघून येतो."

अशा खेपा दर थोड्या वेळाने सुरू झाल्या. लेकीला वाटत होतं, आपण फोन करतोय म्हणून बाबांचं पातेल्याकडे लक्ष आहे. वस्तुस्थिती अशी होती, की फोन वाजत नसे तेवढाच वेळ मास्तर पातेल्यापाशी असत.

दुपार कलली तेव्हा स्वयंपाकघरातून एक बारीक आवाज येऊ लागला. आधी डास असावा तसा. मग तो वाढला. मास्तरांनी झाकण उचललं. पुडिंग पाण्यावर तरंगत होतं, पण ते आता सकाळचं पुडिंग राहिलं नव्हतं. पिशवी ढोलासारखी ताणली होती. पाकळ्यांच्या शिवणी चिडलेल्या माणसाच्या कपाळावरच्या शिरांसारख्या उठून दिसत होत्या. आतला चुरा फुगत होता आणि त्याला फुगायला जागा नव्हती. आत कोंडलेली वाफ मिळेल ती फट शोधत होती, आणि त्या संपूर्ण पिशवीत फट एकच होती. काज. बटणाच्या कडेने वाफेची बारीक धार सुटली होती आणि पुडिंग शीळ घालत होतं.

"मास्तर," बाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "सूर चढतोय."

"म्हणजे?"

"मघाशी खाली होता. आता निदान दोन सूर वर गेलाय. आणखी चढणार."

"चढला तर?"

"गळा असता तर फाटला असता."

फोन वाजला.

"बाबा, पाणी... बाबा, ही शिट्टी कसली?"

मास्तर आयुष्यात फार कमी खोटं बोलले होते. 'उद्या नक्की देतो' हे सोडून, कारण ते धंद्यातलं. ते म्हणाले, "बाई. बाई गातायत."

"गाण्याच्या बाई? तुमच्या घरात?"

"छे! त्यांच्या घरात. दार उघडं आहे."

"इतकं मोठ्यांदा?"

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मग त्या माघारी फिरल्या, आपल्या घरात गेल्या, आणि शिष्यांसमोरसुद्धा कधी लावला नसेल इतका उंच सूर त्यांनी लावला. इकडे पुडिंगचा सूर चढला की तिकडे बाईंचाही चढे. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी बंद केली.

"बाबा, त्यांना काही होतंय का? मी येऊ का?"

"नको! आनंदात आहेत. ठेवतो."

पातेल्यापाशी परत आल्यावर मास्तरांना कळून चुकलं, की आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर शिवण फुटेल, आणि पुडिंग छतापर्यंत जाईल. पण ती शिवण फुटणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची कुठलीच शिवण आजवर फुटली नव्हती. मग दुसरं. आत सगळं दबून दबून दगड होईल, आणि नाताळच्या जेवणाला लेक सुरी लावील आणि सुरी वाकेल.

उसवायला हवं होतं.

हे म्हणायला सोपं. मास्तरांनी दुसऱ्यांचं खूप उसवलं होतं. दुसऱ्या शिंप्यांचं तर चवीने. स्वतःचं, तेही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नसताना, कधीच नाही. टाके काढायची बारीक सुरी हातात घेऊन ते वाफेत उभे राहिले. त्यांना आठवलं, लग्नानंतर बायकोला त्यांनी पहिल्यांदा शिवून दिलेला झगा. माप इतकं अचूक, की बायका वळून बघत. तिने तो तीनदा घातला आणि मग कपाटात ठेवून दिला. पुढे कधीतरी त्यांनी विचारलं तर ती म्हणाली, "सुंदर आहे हो. श्वास तेवढा बाहेर ठेवून यायला लागतो." आणि हसली होती. ते हसले नव्हते. माप बरोबर होतं, हेच त्यांना तेव्हा सांगायचं होतं. आता तिला ते बरोबर-चूक काहीच सांगता येणार नव्हतं, आणि पुडिंग शीळ घालत होतं.

त्यांनी सुरी लाकडी चमच्याला बांधली. दोरीने. गाठ मारून. आणि वाकून, बोटं भाजत, कडेच्या शिवणीचे चार टाके कापले.

शीळ थांबली. समोरच्या घरातलं गाणं एकदोन क्षण एकटंच पुढे गेलं आणि मग तेही थांबलं. पिशवीच्या कुशीतून पुडिंगचा एक मोठा फुगवटा बाहेर आला, जेवण झाल्यावर माणूस पट्टा सैल करतो तसा, आणि सगळं शांत झालं.

संध्याकाळी बाहेर काढलेलं पुडिंग गोल नव्हतं. वर एक घट्ट, वाटोळा गोळा आणि खाली एका बाजूला सुटलेलं पोट. मध्ये खोल वळी. खिडकीजवळच्या खुंटीला ते टांगलं. पुढच्या रविवारी लेकीने ते सगळ्या बाजूंनी तपासलं.

"बाबा, हे गोल नाही."

"गोल हवं असं ठरलं नव्हतं."

"याला मान आहे," जावई म्हणाला.

"पोटही आहे. शेकडो माणसांचं माप घेतलंय मी. यापेक्षा वाईट बांध्याची माणसं कोटात बसवून लग्नाला पाठवलीत."

जावयाने नकळत पोट आत घेतलं.

नाताळच्या दुपारी चौघे टेबलाशी बसले: मास्तर, लेक, जावई आणि गाण्याच्या बाई. जेवण झालं. लेकीचं जेवणात लक्ष नव्हतं. घरात शिरल्याबरोबर तिने गॅसची नळी बघितली होती, खिडकीची कडी बघितली होती, आणि पुडिंगवर ब्रँडी ओतून पेटवणार हे ठाऊक असल्यामुळे पाण्याने भरलेली बादली टेबलाखाली आणून ठेवली होती. "सहज," ती म्हणाली.

मास्तरांनी पडदे ओढले. सकाळपासून पुन्हा उकळलेलं पुडिंग मोठ्या ताटलीत आलं. डावात गरम केलेल्या ब्रँडीला काडी लावली, आणि ती पेटती धार त्यांनी पुडिंगवर सोडली. निळी ज्योत माथ्यावरून घरंगळत खाली आली. चौघेही तिच्याकडे नुसते बघत राहिले. आई असताना या क्षणी सगळे ओरडत. निळा उजेड लेकीच्या चेहऱ्यावर पडला तेव्हा मास्तरांना ती एकदम लहान दिसली, टेबलाला हनुवटी टेकवून बघत असायची तेवढी, आणि त्यांच्या मनात आलं की मागच्या खोलीत राहायला गेलं तरी तसं काय बिघडणार आहे?

गोल पुडिंगवरची ज्योत लगेच विझते. या पुडिंगला वळी होती, आणि वळीत ब्रँडीचं तळं साचलं होतं. ज्योत विझेना. ती मानेभोवती गोल फिरत राहिली, एकदा किंचित उंच झाली.

"आग!" जावई ओरडला. खुर्ची सरकवून तो उभा राहिला होता. "पडदा! पडद्याकडे चाललीय! पडदा धरणार!"

लेकीने विचार केला नाही. आणीबाणीत विचार करायचा नाही, हात चालवायचे, हे ती नव्या नर्सना शिकवत असे. बादली टेबलाखालून वर आली आणि सगळीच्या सगळी पुडिंगवर, ताटलीवर, टेबलक्लॉथवर, आणि बाईंच्या मांडीवर रिकामी झाली.

टेबलाच्या कडेवरून पाणी ठिबकू लागलं.

"पडदा," मास्तर म्हणाले, "तिकडे आहे." त्यांनी बोट दाखवलं. पडदा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कोरडा, निवांत लोंबत होता.

लेक बादली धरून तशीच उभी होती. "मला वाटलं..." ती म्हणाली. "ह्यांनी एकदम..." मग तिने बादली खाली ठेवली. "नाही. ह्यांनी नाही. मी."

"पुडिंग गेलं," जावई खिन्नपणे म्हणाला. त्याला खिन्नपणा चांगला जमे. जळलेल्या गोदामांच्या मालकांसमोर रोज लागे. "वाईट झालं. पण ठरलं ते ठरलं, बाबा. खाण्याजोगं असायला हवं होतं."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांची मांडी भिजलेली होती आणि आवाज कोरडा. "मला आता मदत करायला बंदी आहे का?"

"आता नाही," लेक म्हणाली.

बाईंनी सुरी उचलली. खालचं सुटलेलं पोट भिजून त्याची खीर झाली होती. ते त्यांनी बाजूला सारलं. मग वरच्या गोळ्यावर सुरी टेकवली आणि दोन्ही हातांनी दाबली. गोळा कुरकुरला आणि दुभंगला. आत तो ठणठणीत कोरडा होता. काळाभोर, चकचकीत, मनुक्यांनी खच्चून भरलेला. मास्तरांच्या पिशवीने त्याला इतकं आवळलं होतं, की बादलीभर पाण्याला आत शिरायला एक फट सापडली नव्हती.

बाईंनी चार चकत्या केल्या. सगळ्यांनी खाल्लं. चावायला वेळ लागत होता, त्यामुळे निकालालाही वेळ लागला.

"आईसारखं नाही," लेक म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाले.

"जरा घट्ट झालंय."

"झालंय."

लेकीने मान वर केली. बाबांनी कुठलीही गोष्ट घट्ट झाल्याचं कबूल केल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. तिने आणखी एक तुकडा तोंडात टाकला, मग आणखी एक, आणि तिसऱ्याला तिचे डोळे भरून आले. ते तिने जायफळावर ढकललं.

"दिवसभर गॅस चालू होता," ती म्हणाली, रोग्याचा कागद वाचून दाखवावा तशी. "घर शाबूत आहे. पाणी मी ओतलं. पुडिंग खाता येतंय. खोलीचं नाव काढणार नाही, बाबा."

"फोन मात्र कर," मास्तर म्हणाले. "रोज. पण एकदाच."

"दोनदा."

"बरं, दोनदा."

भिजलेला टेबलक्लॉथ पिळायला मास्तर आणि जावई स्वयंपाकघरात गेले. एक टोक याच्या हातात, एक त्याच्या.

"जावईबापू, तुम्ही आगी किती वर्षं बघताय म्हणालात?"

"वीस."

"वीस वर्षांत ब्रँडीची ज्योत आणि पडद्याची आग यांतला फरक कळायला लागला असेल."

जावयाने टोक पिळलं. बरंच पाणी निघालं.

"बाबा, तुम्हाला काय सांगू? सकाळी उठलो की जीभ दाखवायची. मीठ मोजून. दुपारी ऑफिसात हिचा फोन, पाणी प्यायलात का. शिंकलो की नाक पुसायच्या आधी थर्मामीटर. मला वाटलं होतं..." त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "घरात आणखी एक माणूस आला असता, तर निम्मं तुमच्याकडे गेलं असतं. वयाने तुम्ही मोठे. कदाचित निम्म्याहून जास्त."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. आपल्या कोटात दिवसभर उभा राहिलेला माणूस. रागवायचं त्यांच्या मनात होतं, पण जमेना.

"मग सरळ सांगायचं होतंत मला," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर आला असतात?"

"नाही."

"मग!"

निघताना लेकीने गाडीची डिकी उघडली. मास्तर वरून, खिडकीतून बघत होते. बाईही आपल्या खिडकीतून बघत असणार. डिकीत एक मोठं खोकं होतं. लेक उद्यापर्यंत बाबांना हलवायचंच अशा तयारीने आली होती. तिने खोक्यात हात घालून एकेक वस्तू वर काढून बघितली: रक्तदाब मोजायचं यंत्र, आठवड्याच्या गोळ्यांची कप्पे पाडलेली डबी, न्हाणीघरात घसरू नये म्हणून रबरी चटई, पलंगाला लावायची आधाराची दांडी, आणि रात्री काही लागलं तर वाजवायला एक पितळी घंटा.

"परत घेणार नाही दुकानदार," ती म्हणाली. तिचा आवाज वरपर्यंत स्वच्छ येत होता. "वाया थोडंच घालवायचंय? अहो, इकडे या. हात पुढे करा बघू. बाही वर. मघाशी केवढ्यांदा ओरडलात, मला तेव्हाच वाटलं, प्रेशर वाढलंय यांचं."

जावयाने बाही वर केली आणि एकदा खिडकीकडे बघितलं. मास्तरांनी पडदा सोडला.

हिशोब करायचा तर असा. मास्तरांचं घर मास्तरांकडे राहिलं. लेकीचा शब्द राहिला. बाई भिजल्या, पण त्यांना दुसरी चकती मिळाली. किंमत मोजली ती एकट्या जावयाने, आणि तीही विमा कंपनीतल्या माणसाला शोभेल अशीच: हप्त्याहप्त्याने, रोज सकाळी एकदा आणि झोपायच्या आधी एकदा, डाव्या दंडावर.